तारेत घोडी शांत उभी राहिली, रेसचा घोडा का फाटला?

प्रश्न

मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी वाचक लिहितात (लांब पत्राचा हा सारांश): आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून शर्यतीतून काढलेला एक थरोब्रेड घोडा आणला. वय ६ वर्षं, उंची ६४ इंच, खच्ची केलेला. तेरा वर्षांच्या मुलीला घोडेस्वारी शिकायची आहे, तिच्यासाठी. घरी आधीची एक देशी घोडी आहे, अकलूजच्या बाजारातून घेतलेली, ५४ इंची, वय ११. तिला आजवर कधी डॉक्टर लागला नाही. घोड्याचं मात्र एकामागून एक चालू आहे. पहिल्याच महिन्यात वरातीचे फटाके वाजले आणि तो कुंपणाच्या काटेरी तारेत घुसला, मागचा पाय फाटला. उन्हाळ्यात नाला काढल्या, तर आठ दिवसांत खुरात पू झाला. आणि आता मुलीनं नांगरलेल्या रानात भरधाव सोडला. दुसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या पायाची नळी मागच्या बाजूनं सुजलेली, हात लावला तर गरम. त्याच तारेत दोन वर्षांपूर्वी घोडीचाही पाय अडकला होता, पण माणूस येईपर्यंत ती जागची हलली नाही. शेजारी म्हणतात, रेसच्या घोड्याचं डोकं रिकामं आणि पाय काचेचे. ही जात उपजतच कमी अकलेची असते का? त्याला असंच लागत राहणार का? यंदा अकलूजच्या बाजारात तो काढून दोन देशी घोडी घ्यावीत का? आणि गावातले एक जाणते सुजलेल्या पायाला डाग द्यायला सांगतात, तो द्यावा का?

उत्तर

नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबण्यातला नाही. डाग देऊ नका. पत्र आल्याबरोबर हे तुम्हाला कळवलं होतंच, पण अशी सूज घेऊन बसलेले आणखीही वाचक असतील, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागून दोन जाड कंडरा खाली उतरतात. गावाकडे आपण त्यांना शीर म्हणतो. सूज नळीच्या मधोमध, मागच्या बाजूला आणि गरम असेल, तर बहुतेक वेळा त्यांतली कातडीलगतची कंडरा दुखावलेली असते. डाग दिल्यानं तिथे रक्त धावतं आणि शीर घट्ट होते, अशी जुनी समजूत आहे. प्रत्यक्षात डागानं कातडी भाजते, आतली कंडरा काही बळकट होत नाही. डाग दिल्यावर घोडा चार-सहा महिने उभा ठेवायची रीत आहे, आणि जो गुण येतो तो त्या विश्रांतीचा असतो. मग विश्रांतीच द्या, भाजणं कशाला?

पहिले तीन दिवस दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी २० मिनिटं, पाय थंड करायचा. पाइपच्या वाहत्या पाण्यानं चालेल, नाहीतर बर्फाचा चुरा पिशवीत भरून, पायावर पातळ फडका ठेवून वरून बांधा. मधल्या वेळात कापसाचा दोन-तीन सेंटिमीटर जाड थर देऊन त्यावर एकसारख्या ताणाची पट्टी बांधा. कापूस कमी आणि ताण जास्त झाला, तर पट्टीच कंडरेला काचते. दुसऱ्या पुढच्या पायालाही पट्टी हवीच, कारण आता जादा भार त्यावर आहे. दर १२ तासांनी सोडून पुन्हा बांधा. वेदनाशामक किती आणि किती दिवस, हे पशुवैद्य ठरवतील. औषधानं लंगडणं थांबलं म्हणजे कंडरा सांधली असं समजू नका. नेमक्या त्याच आठवड्यात घोडे पुन्हा मोकळे सोडले जातात आणि अर्धी तुटलेली शीर पूर्ण तुटते. पहिला आठवडा सरल्यावर सोनोग्राफी करून घ्या. त्याआधी केली तर इजा असते त्यापेक्षा लहान दिसू शकते. त्यासाठी घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य पुण्याहून बोलवावा लागला, तरी तो खर्च करा. पुढची सगळी गणितं त्या चित्रावर अवलंबून आहेत.

नंतरचं वेळापत्रक साधारण असं असतं. पहिले दोन-तीन आठवडे १२ फूट बाय १२ फुटांच्या जागेत उभा. मग हातात धरून, कठीण आणि सपाट जमिनीवर, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं चाल. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तिसऱ्या महिन्याअखेर ४० मिनिटांपर्यंत जायचं. मग दुसरी सोनोग्राफी. ती चांगली आली तर चौथ्या महिन्यात पाच मिनिटांची दुडकी, सहा-आठ महिन्यांनी हलकी दौड. भरधाव सोडणं ९ ते १२ महिन्यांच्या आत नाही. सांधलेल्या जागी जो नवा तंतू तयार होतो तो मूळ तंतूइतका लवचीक नसतो, म्हणून घाई केलेला घोडा त्याच जागी किंवा त्या जागेच्या वरखाली पुन्हा दुखावतो.

आता अकलेबद्दल. तुमच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. ज्याला लागतं तो मूर्ख आणि जो सांभाळून राहतो तो शहाणा, असं तुम्ही धरून चालला आहात. माणसात हे थोडंफार खरं असेल, पण घोड्यात फसतं. एक जात दुसरीपेक्षा हुशार आहे असं ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा नाही. जातीजातींत फरक आढळतो तो बिचकण्यात आणि तापटपणात. थरोब्रेड लवकर दचकतो, लवकर उसळतो, हे खरं आहे. पण दचकणारा घोडा शिकायला मंद नसतो. उलट तो फार भराभर शिकतो, चुकीचं शिकवलं तर तेही तितक्याच वेगानं.

घोड्याची खरी अक्कल कुठे असते याचं एक जुनं उदाहरण आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून बेरजा सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं १९०७ मध्ये दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. योग्य आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं अंग आणि मान नकळत किंचित हलायची, आणि हान्स तेवढं टिपून थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सचंही चुकायचं. माणसाच्या अंगाची एवढी बारीक हालचाल टिपणं ही घोड्याची बुद्धी, आणि ती थरोब्रेडमध्ये कमी नाही. तुमची मुलगी लगामावर हात आवळते तेव्हा तिच्या मनातली भीती त्याला तिच्याआधी कळते.

मग घोडी तारेत उभी का राहिली? तिला आयुष्यात काय शिकवलं गेलं ते आठवा. बाजारातून आलेलं देशी जनावर लहानपणापासून मेखेला बांधलेलं असतं, अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना बांधायच्या दोऱ्या) लावलेलं असतं. पायाला दोरी लागली की ओढायचं नाही, ओढलं तर काचतं, थांबलं तर सैल होतं, हे तिला हजार वेळा कळून चुकलंय. काटेरी तार तिच्या दृष्टीनं आणखी एक पिछाडी होती. तुमच्या घोड्याच्या पायाला जन्मात दोरी लागलेली नसेल. शर्यतीचा घोडा बंद खोलीत राहतो, दिवसातले बावीस-तेवीस तास. बाहेर निघतो तो हातात धरून किंवा पाठीवर स्वार घेऊन. पाय कशात तरी अडकणं ही गोष्ट त्याच्या अनुभवातच नाही. अशा वेळी घोड्याचा मूळ स्वभाव एकच सांगतो: पळ. तिला जे शिकवलं ते त्याला कोणी शिकवलं नाही, इतकाच दोघांतला फरक आहे.

आणि ही शिकवण सहाव्या वर्षीही देता येते. बोटाएवढ्या जाडीची तीन-चार मीटरची मऊ सुती दोरी घ्या. घोडा मऊ मातीवर, मोहरकी (तोंडावर बांधायची दोरी) एका जाणत्या माणसाच्या हातात, कुठेही बांधलेला नाही. दोरी खुराच्या वरच्या सांध्याखालून घ्यायची, गाठ मारायची नाही, दोन्ही टोकं आपल्या हातात, म्हणजे गडबड झाली तर एक टोक सोडलं की पाय मोकळा. हलका ताण द्या आणि धरून ठेवा, खेचू नका. पाय तसूभर जरी ढिला केला तरी त्याच क्षणी ताण सोडा. सगळी शिकवण त्या सोडण्यात आहे. एक सेकंद उशीर झाला तरी आपल्याला कशासाठी सोडलं हे त्याला कळत नाही. रोज दहा मिनिटं, एका वेळी एकच पाय. पंधरा दिवसांत दोरीच्या इशाऱ्यावर तो पाऊल पुढे टाकू लागतो. डाव्या पुढच्या पायाला मात्र हे करू नका, आणि तो पाय बरा होईपर्यंत उजवाही उचलून धरायला लावू नका. तोवर मागच्या पायांवर काम करा. लाथेच्या टप्प्यात उभं राहायचं नाही, आणि मुलीला या कामात घ्यायचं नाही.

शर्यतीच्या घोड्याची आणखी तीन ‘वेडं’ तुम्हाला दिसली असतील. लगाम ओढला की तो जास्त पळतो, कारण शर्यतीत ताणलेला लगाम म्हणजे टेकायला आधार, थांबायची खूण नव्हे. रिकिबीत पाय ठेवला की चालू लागतो, कारण जॉकीला चालत्या घोड्यावर कोणीतरी उचलून बसवतं. बसेपर्यंत स्थिर उभं राहायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. आणि एकटा काढला की खिंकाळतो, घामाघूम होतो, कारण तालमीला तो नेहमी चार घोड्यांबरोबर गेला. या तिन्ही गोष्टी तो शिकून आला आहे. त्याला नवं शिकवायला सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं, आणि तुम्ही त्याला आणल्यावर महिन्याभरातच मुलीला पाठीवर बसवलं असं पत्रावरून दिसतं.

पायांच्या बाबतीत मात्र शेजाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. थरोब्रेडचे पाय खरोखर नाजूक पडतात आणि त्यामागं कारणं आहेत. ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन नरांपर्यंत तिची नरवंशावळ जाते, आणि १७९१ पासून वंशावळीची वही ठेवली जातेय. त्या वहीत बाहेरचं रक्त येऊ देत नाहीत. इतक्या पिढ्या निवड झाली ती एकाच गुणाची: वेग. साडेचारशे-पाचशे किलोचं धड, मोठं काळीज, मोठी फुप्फुसं, आणि खाली सडपातळ नळ्या. पाय हलका तर वेग जास्त, म्हणून गुडघ्याखाली मांस नाहीच, नुसतं हाड आणि कंडरा. भरधाव धावताना एकेका पुढच्या पायावर क्षणभर अंगाच्या वजनाच्या अडीच पट भार येतो. कंडरा रबरासारखी ताणते आणि परत येते, पण शर्यतीच्या वेगात ती तुटण्याच्या मर्यादेच्या फार जवळ गेलेली असते. वरून तालीम दुसऱ्या वर्षापासून, पाठीचे मणके पुरते पक्के होण्याच्या कितीतरी आधी. तुमच्याकडे तो आला तेव्हा त्या कंडरेत जुन्या बारीक चिरा असण्याची शक्यता दाट आहे. नांगरटीनं शेवटचा घाव घातला. काळ्या रानात ढेकळं, मध्ये भुसभुशीत, खाली टणक. टाप कधी खोल रुतते, कधी थडकते. अशा जमिनीवर कुठल्याही घोड्याला भरधाव सोडू नये. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा तर चालीनंसुद्धा पाहून न्यावं.

घोडीचं ‘काहीच होत नाही’ हे मात्र सावकाश तपासा. ती अडीच-पावणेतीनशे किलोची, हा साडेचारशेच्या पुढचा. ती दुडकीवर चालते, भरधाव सोडतात याला. कुणी किती वेगात किती तास घालवले याचा हिशेब न करता दुखापती मोजल्या, तर तुलना चुकते. दुसरं असं की अकलूजच्या बाजारात धडधाकट घोडी तुम्हाला दिसली ती टिकली म्हणून. तिच्याबरोबरची जी शिंगरं लंगडी झाली, ती तुमच्यापुढे आलीच नाहीत. भीमेच्या काठची ही भीमथडी घोडी काटक यात शंका नाही. मराठ्यांच्या घोडदळाला ज्यांनी डोंगरातून पळवलं त्यांच्या वळणाची ही जनावरं, आणि आता या जातीची स्वतंत्र नोंदही झाली आहे. रुंद छाती, आखूड नळ्या, टणक खूर, थोड्या वैरणीवर निभाव. खडकाळ माळावर शिंगरू म्हणून हिंडल्यामुळे हाडंही तशी घडतात. हाडाला लहानपणी जो भार मिळतो त्याप्रमाणे ते जाड होतं. पण या काटकपणाची दुसरी बाजू आहे. थोड्यात भागणाऱ्या घोडीला थरोब्रेडची चंदी (दाणा-खुराक) दिली तर ती लठ्ठ होते आणि खुराच्या आतल्या पापुद्र्यांना दाह होऊन कायमची लंगडी होते. तुम्ही दोघांना एकाच घमेल्यातून चंदी देता असं लिहिलंय. ते आजच थांबवा.

दुसऱ्या दुखापतीत, खुरातल्या पूमध्ये, घोड्याचा काहीच दोष नव्हता. थरोब्रेडच्या खुराची भिंत पातळ, तळ पातळ, आणि दोन वर्षांचा असल्यापासून कायम नाल. मेच्या तापलेल्या मुरमावर त्याच्या चारही नाला एका दिवसात काढल्या. खूर महिन्याला पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. पुढचा सगळा खूर नवा यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. नाला काढायच्याच असतील तर पावसाळा संपल्यावर, आधी मागच्या, दोन महिन्यांनी पुढच्या, आणि सुरुवातीला मऊ जमिनीवरच. सध्या पुढच्या नाला असू द्या. त्या दर पाच-सहा आठवड्यांनी बदला. पत्रात तुम्ही दहा-बारा आठवडे लिहिले आहेत. तेवढ्यात अंगठा लांब वाढतो, टाच खाली बसते आणि चालताना प्रत्येक पावलाला त्याच मागच्या कंडरेवर जादा ताण येतो. घोडा कठीण जमिनीवर उभा करून बाजूनं पाहा: खुराची पुढची रेघ आणि तिच्या वरच्या पायाची रेघ एका सरळ ओळीत असावी. खुरापाशी ती मागे मोडलेली दिसली, तर नालबंदाला दाखवा. बैलांना पत्र्या मारणारा माणूस कितीही कसबी असला, तरी हे काम त्याचं नाही. आणि तारेनं फाटलं तेव्हा धनुर्वाताची लस दिली होती का, याचा पत्रात उल्लेख नाही. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. दरवर्षी लस टोचून घ्या, दोघांनाही.

काटेरी तार काढून टाका. एकदम जमणार नसेल तर घोड्याच्या वावराच्या बाजूची आधी काढा. बांबूचे आडवे, नाहीतर जुने पाइप, वरचा साडेचार फुटांवर, खालचा दीड फुटांवर, कोपरे गोलाकार, म्हणजे दुसऱ्यानं रेटला तरी कोंडीत सापडायला नको. दरम्यान तारेवर दर तीन-चार फुटांवर जुन्या सोलापुरी चादरीच्या पांढऱ्या पट्ट्या बांधा. घोड्याला बारीक तार लांबून दिसत नाही, फडकणारी पट्टी दिसते.

चंदीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे आपल्या भागाच्या काही खास चुका होतात. तुम्ही रोज चार किलो हरभरा आणि तीन किलो गव्हाचा कोंडा देता, वैरण म्हणून कडबा आणि थोडं हत्तीगवत. ही चंदी शर्यतीला पळणाऱ्या घोड्याची झाली. उभ्या घोड्याला दिली की ती डोक्यात जाते, म्हणजे तो आणखी उसळतो. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड झरत असतं, खाणं असो वा नसो. चंदीचे दोन मोठे भरे आणि मधे रिकामं तोंड, यातून पोटात व्रण होतात; शर्यतीच्या तालमीतल्या बहुसंख्य घोड्यांना ते असतात. चंदी खाताना मधेच सोडून देणं, पोटाला पट्टा आवळताना कान मागे टाकून चावायला येणं, ही त्याची लक्षणं. त्याला लोक खोडी समजतात. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज कमीत कमी नऊ किलो वाळकी वैरण लागते, चार-पाच वेळा विभागून, आणि रात्रीचा वाटा सर्वांत मोठा. आपली मालदांडीची कडब्याची पेंढी चांगली, पण नुसत्या कडब्यावर ठेवू नका. तो जाडाभरडा असतो. पाणी कमी पडलं की आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होतो. निम्मा कडबा दोन-तीन इंच तुकडे करून, निम्मं वाळलेलं गवत. कोवळी किंवा पाण्याच्या ताणातली हिरवी ज्वारी घोड्याला अजिबात नको.

कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम फार थोडं. हत्तीगवतातलं ऑक्झॅलेट उरलेलं कॅल्शियमही अडवून ठेवतं. दोन्ही एकत्र महिनोन्‌महिने दिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. पायाचं हाड कच्चं पडतं, पुढे जबड्याची हाडं फुगतात. कोंडा अर्ध्या किलोवर आणा, हत्तीगवत बंद करा, रोज दोन किलो वाळवलेला किंवा सात-आठ किलो हिरवा लसूणघास सुरू करा. हरभरा विश्रांतीच्या काळात एक किलो पुरे, भिजवून. हे बदल एका दिवसात नाही, आठ-दहा दिवसांत. मीठ रोज ३० ग्रॅम, उन्हाळ्यात ५० ते ६०. पाणी ३० ते ४० लिटर, आणि सोलापूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त, सदैव पुढ्यात. तापलेल्या घोड्यावर पाणी ओतत राहा, पण ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका; त्याखाली उष्णता कोंडते.

दोन विषारी गोष्टी गोठ्यात हटकून असतात, म्हणून सांगतो. कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. घोड्याला ते थोड्या प्रमाणातही जीवघेणं आहे. आणि गोचीड मारायला गाई-म्हशींवर जे अमिट्राझ फवारतो, ते घोड्यावर मारलं तर आतडं थांबतं. दोन्ही त्याच्यापासून दूर ठेवा.

आता अकलूज. यंदा त्याला बाजारात काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सुजलेला पाय घेऊन त्याला किंमत येणार नाही, आणि सूज लपवून विकणं तुम्हालाही पटणार नाही. अर्धी सांधलेली शीर घेऊन तो वरातीत किंवा टांग्याला जुंपला जाईल. फटाक्यांना बिचकणारा साडेचारशे किलोचा घोडा डीजेच्या गर्दीत उभा करणं त्याच्यासाठी वाईट आहेच, पण भोवतीच्या लेकरांसाठी त्याहून वाईट. तीन महिन्यांची सोनोग्राफी होऊ द्या. ती चांगली आली, तर वर्षभरानंतर तो चाल-दुडकीचा, हलक्या दौडीचा उत्तम घोडा होऊ शकतो. भरधाव मात्र पुन्हा कधीच नको, असं मी धरून चालेन. ती वाईट आली आणि तुम्हाला नुसता उभा घोडा पोसणं परवडत नसेल, तर ज्यांच्याकडून आणला त्यांना आधी विचारा, किंवा अनुभवी स्वार असलेल्या एखाद्या क्लबला सोनोग्राफीचे कागद दाखवून द्या. दाणा-वैरण, नाला, डॉक्टर यांचा महिन्याचा हिशेब वहीत मांडा आणि घरच्यांसमोर ठेवा. हा निर्णय एकट्यानं घेण्यासारखा नाही.

मुलीचं शिक्षण थांबायला नको. घोडीवर बसवा. स्वार आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. घोडी २६० किलोची धरली तर ५२ किलो. मुलगी चाळीस-बेचाळीस किलोची, खोगीर सात-आठ किलोचं, म्हणजे आज बसतंय. दीड-दोन वर्षांत नाही बसणार, हेही आत्ताच ध्यानात घ्या. त्या काळात तिचा हात हलका होईल, बैठक जमेल, आणि तोवर घोडाही तयार झालेला असेल. नवशिका स्वार आणि शर्यतीतून नुकताच निघालेला घोडा, दोघं एकाच वेळी शिकताहेत, यातून अपघातच होतात. टोपी, टाच असलेला बूट आणि कुंपणातलं मैदान या तीन गोष्टींत घोडीवरही सूट देऊ नका.

असाच घोडा घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी: आधी विचारा की शर्यतीतून का काढला. मंद होता म्हणून काढला असेल तर आनंदानं घ्या. ‘जरा पायाचं होतं’ असं म्हणाले तर सोनोग्राफीशिवाय पैसे देऊ नका. पुढचा एकेक पाय उचलून, भार नसताना, नळीमागची कंडरा दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपा. दोन्ही पायांची तुलना करा. एक जाड, गाठाळ किंवा दाबल्यावर पाय ओढून घेणारी असेल तर सोडून द्या. कठीण जमिनीवर दुडकी पळवून पाहा, लंगडणारा घोडा दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर करतो. समोरच्या दातांच्या कडा झिजलेल्या असतील तर तो गव्हाण चावत हवा गिळणारा आहे. ग्लँडर्सची चाचणी झाल्याचा कागद घ्या, कारण तो रोग माणसाला होतो. आणि आणल्यावर पहिले दोन-तीन महिने खोगीर चढवायचंच नाही. चंदी उतरवायची, वैरण वाढवायची, शेजारी शांत घोडं ठेवायचं.

ते शांत घोडं तुमच्याकडे आहेच. विश्रांतीच्या काळात घोडीला त्याच्या शेजारी बांधा, मधे आडवा बांबू ठेवून, तोंडाला तोंड लागेल इतक्या अंतरावर. एकट्यानं खोलीत गरगर फिरणारा घोडा दुखऱ्या पायावर दिवसाला शेकडो वळणं घेतो. सोबत असली की तो उभा राहून गवत चघळतो. आणि रोज सकाळी, चंदीच्या आधी, मुलीला एक काम द्या. तिला आधी शिकवा: बाजूला उभं राहायचं, खांद्यावरून हात सरकवत खाली आणायचा, दोन्ही नळ्या उघड्या तळहातानं तपासायच्या, जास्त गरम कुठली, जास्त भरलेली कुठली, आणि तारखेसह वहीत लिहायचं. सूज डोळ्याला दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी ती हाताला गरम लागते. पुढच्या तपासणीला डॉक्टर आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवा.